वाईन बिझनेसला ॲडमिशन, शुक्रवारी मुलाखत – तातडीने मदत हवी

तळ्यातमळ्यात | सोमवार, रात्री १०:१२
नमस्कार. शुक्रवारी मुलाखत आहे. त्याआधी एक केस सोडवून पाठवायची आहे आणि तीन दिवस मी तिथेच अडकून बसले आहे. केस अशी: एका वायनरीचा (वाईन बनवणाऱ्या कंपनीचा) माल चांगला आहे, बक्षिसंही मिळालीत, पण बँकेत खडखडाट. "कारण सांगा आणि उपाय सुचवा." मी मार्केटिंगवर भर दिलाय: सोशल मीडिया, एखादा प्रसिद्ध चेहरा, नवीन लेबल. दोन पानं भरली. अजून काय लिहू? प्लीज लवकर सांगा. "गुगल कर" म्हणू नका, करून झालंय.

नाकपुडी | सोमवार, रात्री १०:२५
डिग्रीच्या नादाला लागूच नका. डब्ल्यूएसईटी लेव्हल ३ (वाईन चाखण्या-ओळखण्याचा सर्टिफिकेट कोर्स) करा. मी केली, आयुष्य बदललं. वास ओळखता आला की बाकी सगळं आपोआप येतं.

परतीचा_पाऊस | सोमवार, रात्री १०:४१
कोर्स कुठला? एमएससी की एमबीए? तुमचं आधीचं शिक्षण काय? कामाचा अनुभव? यातलं काहीच लिहिलं नाहीये. मी स्वतः दिजाँला वाईन बिझनेस केलंय म्हणून विचारतेय.

तळ्यातमळ्यात | सोमवार, रात्री १०:४४
एमएससी. विद्यापीठाचं नाव नको, उगाच कोणी तिथलं वाचेल. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी. पण त्याचा केसशी काय संबंध?

परतीचा_पाऊस | सोमवार, रात्री १०:५८
आहे संबंध. मायक्रोवाल्यांना हे लोक पहिला प्रश्न हाच विचारतात: मग ओनॉलॉजीला (वाईन बनवण्याच्या शास्त्राला) का नाही गेलात? डेव्हिस, गाईझेनहाईम ही तिथल्या विद्यापीठांची नावं ऐकून बरेच जण वाईन "बनवायला" शिकायच्या तयारीने येतात. बिझनेसच्या कोर्सला यीस्टचं कौतुक कमी आणि उधारीचं जास्त. याचं उत्तर तयार ठेवा.

उंटावरचा | सोमवार, रात्री ११:०५
रेड वाईन फार गार करू नये. १६ ते १८ अंश बरोबर. लोक थेट फ्रीजमधून काढून ओततात आणि मग कडू लागते म्हणतात.

तळ्यातमळ्यात | सोमवार, रात्री ११:०७
@उंटावरचा, हे मी विचारलेलं नाही.

कीर्दखतावणी | सोमवार, रात्री ११:३०
ताई, केसमध्ये आकडे असतीलच. ते द्या. किती बॅरल, रेड की व्हाईट, बॅरलमध्ये किती महिने, बाटलीत किती महिने, गिऱ्हाईक किती दिवसांनी पैसे देतं. "खडखडाट" एवढ्यावर तर ज्योतिषीसुद्धा सांगू शकणार नाही.

तळ्यातमळ्यात | मंगळवार, सकाळी ७:५०
सॉरी. ४० बॅरल, प्रत्येकी २२५ लिटर. रेड. पहिलं पीक सप्टेंबरात. १८ महिने बॅरलमध्ये, मग ६ महिने बाटलीत. आयातदार ९० दिवसांनी पैसे देतो. दरवर्षी तेवढंच पीक. हिशेबात तोटा कुठेच दिसत नाही, म्हणून तर मला वाटलं की विक्री कमी पडतेय.

कीर्दखतावणी | मंगळवार, सकाळी ९:१५
विक्री कमी पडत नाहीये हो. विकायला बाटलीच नाहीये!

कागद घ्या. ४० गुणिले २२५ म्हणजे ९,००० लिटर. पाऊण लिटरच्या १२,००० बाटल्या, १२च्या १,००० पेट्या. हा झाला वरचा आकडा. लाकडातून वाईन उडत राहते, त्यामुळे बॅरलमध्ये वरचेवर भर घालावी लागते. खालचा गाळ जातो तो वेगळाच. तेव्हा प्रत्यक्षात कमीच निघणार.

आता तारखा मांडा. पहिल्या वर्षीच्या सप्टेंबरात द्राक्षं, मजुरी, बॅरल यांचा खर्च झाला. १८ महिने म्हणजे तिसऱ्या वर्षाचा मार्च. तेव्हा बाटल्या, बुचं, लेबलं यांचा खर्च. आणखी ६ महिन्यांनी, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, माल निघाला. ९० दिवसांनी, डिसेंबरात, पहिला पैसा हातात. तोवर दुसऱ्या वर्षीचं पीक येऊन गेलं आणि तिसऱ्या वर्षीचंही आलं. तीन हंगामांचा खर्च बाहेर पडलाय आणि जमा शून्य.

हिशेबात तोटा का नाही? कारण माल विकेपर्यंत हा खर्च नफातोट्यात जातच नाही, "माल शिल्लक" म्हणून मालमत्तेत बसतो. ताळेबंद गुबगुबीत आणि गल्ला रिकामा. वाईनच्या धंद्याची मेख ही इथे आहे. प्रसिद्ध चेहरा आणून काय करणार, तो बॅरलमधली वाईन लवकर मुरवणार आहे का?

तळ्यातमळ्यात | मंगळवार, सकाळी ९:२२
अरे देवा. दोन पानं पाण्यात.

ठोंब्या | मंगळवार, सकाळी ९:४०
बॅरल ठेवणार कुठे?

उंटावरचा | मंगळवार, सकाळी ९:४३
@ठोंब्या, डोक्यावर. हलकं घ्या.

परतीचा_पाऊस | मंगळवार, दुपारी १:१०
कीर्दखतावणींशी सहमत. पण वायनरी कुठल्या देशातली? उपाय त्यावर ठरतो.

तळ्यातमळ्यात | मंगळवार, दुपारी १:१६
लिहिलं नव्हतं का? बोर्दो.

परतीचा_पाऊस | मंगळवार, दुपारी १:४५
हे शेवटी सांगताय! फ्रान्समध्ये १९९१चा एव्हाँ कायदा आहे. दारूची जाहिरात टीव्हीवर आणि सिनेमागृहात बंद. जिथे करता येते तिथेही प्रदेश, उत्पादक, बनवायची पद्धत, अशा कोरड्या माहितीपुरतीच, आणि खाली आरोग्याचा इशारा. पेला उंचावून हसणारी नटी तिथे चालणार नाही. तो परिच्छेद आधी खोडा. परीक्षकांनी वाचला तर पुढची पानं उलटणारच नाहीत.

आणि बोर्दो म्हणजे "आँ प्रिमर" आलंच. पीक सप्टेंबरात, वसंतात बॅरलमधलाच नमुना चाखवतात, भाव जाहीर होतो, गिऱ्हाईक तेव्हाच पैसे भरतं आणि बाटल्या साधारण दोन वर्षांनी मिळतात. वायनरीचा माल दलालामार्फत, म्हणजे कूर्तिएमार्फत, नेगोसियाँ व्यापाऱ्यांकडे जातो आणि ते जगभर विकतात. कीर्दखतावणींनी दाखवलेलं भगदाड बुजवायचीच ही जुनी व्यवस्था आहे. मुख्य उपाय हाच लिहा.

कीर्दखतावणी | मंगळवार, दुपारी २:२०
थांबा थांबा. आँ प्रिमर नाव असलेल्यांना परवडतं. ४० बॅरलवाल्या अनोळखी घराला कोण आगाऊ पैसे देणार? २००९ आणि २०१०चं पीक चढ्या भावात घेतलेल्या किती जणांचे हात पोळले ते बाजाराला अजून आठवतंय. आणि मोठी घरंही सगळी खूश नव्हती. लातूरने (शातो लातूर हो, आपलं नव्हे) २०१२ मध्ये यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. माल स्वतःच्या तळघरात मुरवून पिण्याजोगा झाल्यावर विकायचा, असं ठरवलं.

परतीचा_पाऊस | मंगळवार, दुपारी २:३८
लातूरला थांबणं परवडतं हो. हिच्या वायनरीला परवडत असतं तर केसच कशाला लिहिली असती?

कीर्दखतावणी | मंगळवार, दुपारी २:५१
म्हणूनच म्हणतोय, थोड्या पिकाची रोझे (गुलाबी वाईन, फार मुरवावी लागत नाही) करा. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत विकून मोकळं. काही माल सुटा विका. उरलेल्या स्टॉकवर बँकेचं कर्ज. आणि ९० दिवसांची उधारी ४५ वर आणता येते का ते आयातदाराशी बोला. हे चार उपाय आकड्यांसकट लिहा, पान भरेल.

नाकपुडी | मंगळवार, दुपारी ३:३०
चांगल्या रेडच्या द्राक्षांची रोझे?? हे फक्त हिशेबनीसच सुचवू शकतो. म्हणून म्हणतो, आधी चाखायला शिका. मास्टर ऑफ वाईनच्या परीक्षेत ३६ वाईन न बघता ओळखाव्या लागतात, माहितीये का?

परतीचा_पाऊस | मंगळवार, दुपारी ३:४२
आणि त्याच परीक्षेत लेखी पेपर पाच, त्यातला एक निव्वळ वाईनच्या धंद्यावर. तो तुम्ही सोयीस्कर विसरलात. डब्ल्यूएसईटी वाईट नाही, पण तिथे खेळतं भांडवल शिकवत नाहीत. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, भांडू नका.

साधा_माणूस | मंगळवार, संध्याकाळी ६:०५
एवढी शिकलेली मुलगी, दारूच्या धंद्यात जायची काय गरज? आणि उद्योग आटतोय. २०२३ मध्ये जगातलं वाईनचं उत्पादन १९६१ नंतरचं सर्वांत कमी होतं. बोर्दोत तर वेली उपटायला पैसे देतायत.

कीर्दखतावणी | मंगळवार, संध्याकाळी ६:३०
२०२३ला उत्पादन पडलं ते मुख्यतः हवामानामुळे: कुठे गोठलेलं दव, कुठे दुष्काळ, कुठे बुरशी. खप घटतोय हे मात्र खरं, आणि वेली उपटण्याचंही. पण धंदा अडचणीत असतो तेव्हाच हिशेब कळणारी माणसं लागतात. सगळं सुरळीत असताना कोण विचारतंय आम्हाला!

तळ्यातमळ्यात | बुधवार, रात्री ११:५५
केस पाठवली. तारखांचा तक्ता, रोझे, स्टॉकवर कर्ज, आँ प्रिमर "पुढे नाव झाल्यावर" असं. नटी काढली. परतीचा_पाऊस, मायक्रोच्या प्रश्नावर काय सांगू? "मला आवड आहे" हे बरं दिसत नाही ना?

परतीचा_पाऊस | गुरुवार, सकाळी ८:१०
अजिबात नाही. आवड सगळ्यांनाच असते, कोर्सभर ऐकायला मिळते. त्यापेक्षा प्रयोगशाळेतलं काहीतरी ठोस सांगा.

तळ्यातमळ्यात | गुरुवार, सकाळी ८:३१
एका वायनरीच्या लॅबमध्ये सहा महिने होते. टाक्यांचे नमुने तपासायचे. एकदा एका टाकीत व्होलाटाईल ॲसिडिटी (व्हीए, वाईन आंबून बिघडत असल्याची खूण) वाढलेली सापडली, मी रिपोर्ट दिला, आणि वरून विचारणा झाली की आकडा "थोडा खाली" लिहिता येईल का. टाकी आधीच विकली गेली होती. मी नाही लिहिला. ती टाकी कोणाला, कितीला आणि कसल्या करारावर विकली होती, हे लॅबमधल्या कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हापासून डोक्यात आहे हे.

परतीचा_पाऊस | गुरुवार, सकाळी ८:३४
बाई गं. हे तुम्ही चार दिवस कुठे ठेवलं होतं? हेच सांगा. फक्त वायनरीचं नाव घेऊ नका.

नाकपुडी | गुरुवार, सकाळी ९:०२
व्हीए वास घेऊनच कळतो. नेलपॉलिश रिमूव्हर.

कीर्दखतावणी | गुरुवार, सकाळी ९:१०
तो इथिल ॲसिटेटचा. व्हीए म्हणजे मुख्यतः व्हिनेगरवालं ॲसिड. दोन्ही बहुधा जोडीने येतात म्हणून गल्लत होते.

नाकपुडी | गुरुवार, सकाळी ९:१४
तुम्हाला वासातलंही कळतं होय.

तळ्यातमळ्यात | शुक्रवार, दुपारी ४:४०
झाली. वीस मिनिटं. लॅबचा किस्सा शांतपणे ऐकला, एक जण लिहून घेत होते. रोझेवर ते हसले पण मान डोलावली. तारखांचा तक्ता तर एका नजरेत बाजूला. मग मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "पहिल्या वर्षीची वाईन तिसऱ्या वर्षाच्या मार्चपर्यंत ४० बॅरलमध्ये आहे. दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात नवीन वाईन आली. ती कशात भरणार?"

मी गप्प. मग मी म्हणाले की आणखी ४० बॅरल घ्यावे लागतील. त्यांनी पुढे विचारलं, "आणि त्यांना जागा? तो खर्च तुमच्या तक्त्यात कुठे आहे?" कुठेच नव्हता. तिथल्या तिथे मांडला, ८० बॅरलचं तळघर, तिसऱ्या वर्षी मात्र पहिले ४० रिकामे होतात म्हणून आणखी नकोत. एवढं जमलं. निकाल दोन आठवड्यांनी.

कीर्दखतावणी | शुक्रवार, दुपारी ४:५२
छे! मी ४० बॅरलचा खर्च एकदाच धरला होता. माझी चूक.

ठोंब्या | शुक्रवार, संध्याकाळी ५:३०
मंगळवारी सकाळी ९:४०.

तळ्यातमळ्यात | शुक्रवार, संध्याकाळी ५:३३
🙏 ठोंब्या, तुम्ही वायनरीत काम करता का?

ठोंब्या | शुक्रवार, संध्याकाळी ६:१५
नाही. गोदाम आहे.

उंटावरचा | शुक्रवार, संध्याकाळी ६:२०
बरं, माझ्या तापमानाच्या प्रतिसादावर कोणी काही बोललंच नाही. व्हाईटचं पण सांगू का?