या क्षणी आकाशात म्हणे एक लाख विमानं!

त्रैराशिक
काल एका गटात पोस्ट आली: ‘तुम्ही हे वाचत आहात त्या क्षणी जगाच्या आकाशात १ लाख विमानं आहेत आणि त्यांत दीड कोटी माणसं बसली आहेत.’ खाली हात जोडणाऱ्यांची रांग. मी लिहिलं, हे अशक्य आहे. उत्तर आलं, ‘गूगल करा.’ डोकं फिरलं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

अहो, जगातल्या सगळ्या कंपन्यांची प्रवासी आणि मालवाहू विमानं मिळून जेमतेम ३० हजारांच्या घरात. हँगरमध्ये उघडून ठेवलेली धरून सगळी एकदम उडवलीत तरी लाख कुठून होणार? घोळ कुठे झाला ते उघड आहे. २०१९ मध्ये जगभरात साधारण ३ कोटी ८९ लाख उड्डाणं झाली, म्हणजे दिवसाला १ लाख ६ हजार. त्यातला ‘दिवसाला’ कुणीतरी गिळला. आता एक उड्डाण सरासरी दोन तासांचं धरा. १,०६,००० गुणिले २ भागिले २४, आले ८,८००. अडीच तास धरलेत तर ११ हजार. जॉन लिटल या अमेरिकी संशोधकाने १९६१ मध्येच सिद्ध करून ठेवलंय: तासाला किती येतात गुणिले किती वेळ थांबतात, एवढेच आत असतात. खानावळवाल्याला हे न शिकता कळतं.

रडारवेडा
त्रैराशिक मांडत बसण्यापेक्षा मोबाइल उघडा की. उड्डाणं दाखवणाऱ्या ॲपवर रात्री आठ-नऊला पंधरा हजारांच्या वर विमानं दिसतात. ती झाली दिसणारी. विमानं आपली जागा रेडिओ संदेशांनी सांगतात, ते संदेश जमिनीवरचा रिसीव्हर फार तर चारशे किलोमीटरपर्यंतचेच ऐकतो. मध्य आफ्रिकेत, भर समुद्रात तो कोण लावणार? लष्करी विमानं तर बहुतेक दिसतच नाहीत. तुमच्या ८,८०० ला काय अर्थ आहे?

त्रैराशिक
त्या पंधरा हजारांत काय काय आहे तेही बघा. शिकाऊ पोरांची छोटी सेसना विमानं, हेलिकॉप्टर, ग्लायडर, शिवाय ट्रान्सपॉन्डर (हे संदेश पाठवणारं यंत्र) चालू ठेवून जमिनीवर सरकणारी विमानं. पोस्टमध्ये दीड कोटी माणसं होती. सेसनात दीडशे बसवणार का? आणि आपल्याकडचे रात्रीचे आठ-नऊ म्हणजे युरोपात दुपार, अमेरिकेत सकाळ. ऐन गर्दीची वेळ निवडून ‘कोणत्याही क्षणी’ म्हणायचं नसतं. समुद्राचं रडगाणंही जुनं झालं, २०१९ पासून इरिडियमचे उपग्रह तेच संदेश वरून ऐकतात.

टॉवर_निवृत्त
दोघांचंही अर्धवट. आयुष्य या खात्यात गेलं म्हणून बोलतो. वेळापत्रकातली वेळ पार्किंगपासून पार्किंगपर्यंतची असते. मुंबई-दिल्ली तिकिटावर सव्वादोन तास, पण चाकं सुटल्यापासून टेकेपर्यंत पावणेदोनच्या आसपास. बाकीचा वेळ रांगेत. वर कंपन्या उशीर झाकायला वेळापत्रक फुगवतात ते वेगळंच. ते अडीच तास आधी खोडा.

आणि विमानतळांच्या आकड्यांची बेरीज कुणी करू नका. मुंबईने ८ डिसेंबर २०१८ ला २४ तासांत १,००७ विमानं हाताळली, ती उतरलेली आणि उडालेली मिळून. मुंबईत उडालेलं दिल्लीत उतरलं की दोन्हीकडे मोजलं जातं. शिकले-सवरलेलेही यात फसतात.

भाबडी_शंका
साहेब, ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेने सगळी विमानं उतरवली तेव्हा त्यांच्या आकाशात सुमारे ४,५०० होती. तेव्हा एका देशात एवढी, तर आज अख्ख्या जगात नऊ हजारच? मला नाही पटत.

त्रैराशिक
त्यांत छोटी खासगी विमानंही होती, ताई. पण ठीक आहे, वर्षाची सरासरी वेगळी आणि कामाच्या दिवसाची सकाळ वेगळी. घ्या, गर्दीच्या वेळी बारा हजार. आता खूश?

रडारवेडा
८,८०० चे बारा हजार झाले. अजून दोन प्रतिसादांत पंधरावर याल. चहा माझ्याकडून.

कोथरूडकर
पार्किंग ते पार्किंग वाचून हसू आलं. आम्हा पुणेकरांचा हिशोब घरापासून सुरू होतो! परदेशी थेट विमानं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे लेकाकडे जायचं तर मध्यरात्री टॅक्सी करून मुंबई. मागच्या खेपेला घाटात टँकर आडवा झाला, विमान गेलं, आणि कंपनीने तिकिटाचा एक रुपया परत दिला नाही. लोहगावला, म्हणजे पुण्याच्या विमानतळावर, २०२४ मध्ये टर्मिनल नवं झालं, धावपट्टी तीच, हवाई दलाची. पुरंदरच्या नव्या विमानतळाचं २०१६ पासून नुसतं ऐकतोय. चार लोक आडवे पडतात आणि सगळं शहर अडतं.

अंजीरवाला
चार लोक नव्हे, सात गावं. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव. यातलं एक तरी नाव ठाऊक होतं का? तुमचं विमान चुकलं म्हणून आम्ही अंजीर-सीताफळाच्या बागा सोडायच्या? बाजारात पुरंदरचंच अंजीर मागून घेता तेव्हा बरं गोड लागतं.

कोथरूडकर
मोबदला मिळतोच की. उगाच भावनिक होऊ नका.

अंजीरवाला
मोबदल्याचं आम्हाला शिकवू नका. नवी मुंबईत विमानतळासाठी जमिनी गेल्या, आणि त्याला नुसतं भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणायलासुद्धा २०२१ मध्ये लोकांना रस्त्यावर यावं लागलं. तुमच्या सोसायटीची पार्किंगची जागा कुणी मागितली की तुम्ही किती भावनिक होता ते बघू या एकदा.

भाबडी_शंका
अहो, विमानं किती ते राहिलंच!

टॉवर_निवृत्त
दोघांनी भांडणासाठी वेगळा धागा काढा. जग सोडा, आपल्या देशाचं मांडा, ते जमतं. १७ नोव्हेंबर २०२४ ला देशांतर्गत ३,१७३ उड्डाणं झाली, प्रवासी ५ लाखांवर. हवेत सरासरी दीड तास धरला तर ४,७६० तास. २४ ने भागलं की १९८. पण मध्यरात्र उलटली की आपल्याकडे फारसं काही उडत नाही, म्हणून १८ ने भागा. २६४.

कोथरूडकर
पाच लाख प्रवासी म्हणे, आणि आम्ही घाटात.

रडारवेडा
१८ का? गर्दी सकाळी सहा ते रात्री दहा, म्हणजे १६. तीनशेला तीन कमी. तुम्ही लोक नेहमी कमीच का धरता?

त्रैराशिक
आणि रात्री साडेदहानंतर उडणारी सगळी कुठे घालणार? तुमच्या ॲपमध्ये?