‘प्रतिबंध’ की ‘निवारण’?

ठाणेकर_अनुवादक: एका पत्रकाच्या अनुवादात अडलेय. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कायदा करून सार्वजनिक आरोग्य विभागात ‘ऑफिस ऑफ सुइसाइड प्रिव्हेन्शन’ काढायची तरतूद केली. मी ‘आत्महत्या प्रतिबंध समन्वय कार्यालय’ लिहिलं, संपादकांनी ‘निवारण’ केलं. तुम्ही काय लिहाल?

वाशीचा_विसू: ‘निवारण’च. ‘प्रतिबंधक’ म्हटलं की लाचलुचपत विभाग आठवतो. खचलेला माणूस त्या पाटीखालून आत जाईल का?

नौपाडा_आजोबा: निवारण तक्रारीचं होतं, झालेल्या गोष्टीचं. होऊ नये म्हणून करतो तो प्रतिबंध. लस रोगप्रतिबंधकच असते ना?

कळवेकरीण: मला खटकते ती ‘हत्या’. २०१४ साली मामेभावाला एका रुग्णालयात नेलं, तर पहिलं वाक्य, “पोलीस केस आहे, थांबा.” मामी त्याच्या चपला पिशवीत घालून, पिशवी छातीशी धरून उभी. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम ११५ आलं, आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसावर तीव्र ताण होता असंच धरायचं, शिक्षा करायची नाही. जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत तो प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ नाहीच. शब्दात मात्र गुन्हा तसाच आहे. आजी ‘जीव दिला’ म्हणायची, ते मऊ वाटतं.

नौपाडा_आजोबा: ताई, देशासाठीही जीवच देतात. त्या शब्दाला गौरव चिकटतो, तो इथे नको. पेपरातलं ‘जीवनयात्रा संपवली’ तर त्याहून वाईट, जणू ठरलेला मुक्कामच आला!

वाशीचा_विसू: मग ‘जीवरक्षा कक्ष’?

ठाणेकर_अनुवादक: जीवरक्षक म्हणजे चौपाटीवरचा, दादा.

कोपरीवाला: नुसतं नाव बदलून काय होतं? आपलं मनोरुग्णालय १९०१ चं. ‘वेड्यांचं इस्पितळ’ जाऊन ‘प्रादेशिक मनोरुग्णालय’ आलं, तरी ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ हा टोमणा गेला नाही. लहानपणी मीही मारलाय, आज लाज वाटते.

नेरूळची_शिक्षिका: सगळे ‘समन्वय’ विसरलात. खरा शब्द तोच. श्लोकाचा अन्वय लावायचो आठवतं? विखुरलेले शब्द ओळीने लावणं. इथे रुग्णालय, पोलीस, शाळा, रेल्वे असे विखुरलेत. प्रयत्नातून वाचलेल्याला घरी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यांत धोक्याचे, आणि नेमकं तेव्हाच त्याच्या मागे कुणी नसतं. ‘समन्वय’मधलं ‘अनु’ म्हणजे मागोमाग. कळवेकरीण, तुमच्या भावाला नंतर कुणी फोन केला?

कळवेकरीण: कुणीच नाही. मामी रोज रात्री दार किलकिलं ठेवून बाहेर बसायची. आता बरा आहे तो.

वाशीचा_विसू: केंद्राच्या २०२२ च्या धोरणात २०३० पर्यंत हे मृत्यू १० टक्क्यांनी घटवायचे म्हटलंय. मागे जाणारा माणूस नेमल्याशिवाय कसं जमणार?

ठाणेकर_अनुवादक: पत्रक संध्याकाळी छपाईला जातंय. तूर्त ‘प्रतिबंध’ ठेवते. खाली मोठ्या ठशात ‘टेलिमानस साहाय्यवाणी १४४१६’.

कळवेकरीण: ‘हेल्पलाइन’ लिहा हो. मामीला कळलं पाहिजे.

नौपाडा_आजोबा: आकाशवाणी कळते, मग साहाय्यवाणी का नाही कळणार?