मुळांचा ‘संवाद’ की ‘चाहूल’?

शेजारशेजारच्या झाडांची मुळं जमिनीखाली रसायनं सोडतात आणि त्यांचा एकमेकांवर परिणाम होतो. भाषांतरात मी याला ‘संवाद’ लिहिलं, पण तो शब्द सारखा टोचतोय. ‘हितगुज’ तर फारच लाडिक. काय म्हणावं?

*

संवाद नकोच. संवादाला दोन बोलणारे लागतात. ज्वारीतला टारफुला बघा, पिकाच्या मुळांवर जगणारं हे तण. त्याचं बी धुळीच्या कणाएवढं, मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं. नुसत्या पावसाने ते रुजत नाही. ज्वारीच्या मुळातून पाझरलेलं स्ट्रायगोलॅक्टोन नावाचं रसायन पोचलं, की मगच मोड फुटतो. तो मोड वाढून वाढून काही मिलिमीटर वाढणार. तेवढ्यात मूळ सापडलं नाही तर मेला. सापडलं तर तिथेच चिकटून रस शोषायला लागतो. ज्वारीच्या बुडाशी त्याची पांढरी फुलं दिसतात तोवर पीक कोमेजलेलं असतं. इथे ज्वारी काही सांगत नाही, टारफुल्याला तिची चाहूल लागते. चाहूल ज्याची लागते त्याला पत्ताही नसतो, म्हणून हाच शब्द चपखल.

*

पटलं, पण अर्धंच. मुळात ज्वारी ते द्रव्य सोडते कशाला? जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) कमी पडलं की मुळं ते द्रव्य जास्त सोडतात आणि त्यामुळे मायकोरायझा या मुळांशी जोडून राहणाऱ्या बुरशीच्या तंतूंना फांद्या फुटतात. हीच बुरशी पुढे मुळांना स्फुरद आणून देते. फांद्या फुटण्याचं हे कोडं जपानी संशोधकांनी २००५ मध्ये उलगडलं. म्हणजे बुरशीला ती साद आहे, आणि तिला प्रतिसादही मिळतो. टारफुला मधल्यामध्ये ती साद चोरून ऐकतो.

गंमत म्हणजे स्ट्रायगोलॅक्टोन गटातलं पहिलं द्रव्य १९६६ मध्ये मिळालं ते कापसाच्या मुळांतून! कापसावर टारफुला जगत नाही. बी रुजतं आणि मरतं. आमच्याकडे कापसाच्या रानात पुढच्या वर्षी ज्वारी घेतात, ‘बेवड चांगला’ म्हणतात. आधीचं पीक मातीत जे ठेवून जातं त्याला इतका नेमका शब्द आपल्याकडे आहे, तो लेखात यायलाच हवा.

*

दोघांचे मनापासून आभार. ‘संवाद’ खोडला. आता वाक्य असं: ‘मुळांची साद बुरशीसाठी असते, पण तिच्यावरून टारफुल्यालाही चाहूल लागते.’ ‘मूलस्राव’ काढून ‘पाझर’ केलं. बेवडासाठी वेगळा परिच्छेद लिहिते आहे. तुमच्याकडे बेवड म्हणतात की बिवड?