बुलेट ३५० (पॉइंटवाली) गरम झाली की बंद, गार झाली की एका किकला चालू! कंडेन्सर दोनदा बदलून झाला

वाईकर_३५०
नमस्कार मंडळी. वडिलांची १९८४ ची बुलेट आहे, कास्ट आयर्न, उजव्या पायाला गिअर. गेल्या दिवाळीत सगळं वायरिंग नवीन करून ६ व्होल्टची १२ व्होल्ट करून घेतली, नवा रेक्टिफायर, नवी बॅटरी, आणि महिना दोन महिने मस्त चालली. आता प्रॉब्लेम असा की सकाळी गार असताना दुसऱ्या किकला चालू होते, गावात फिरा काही नाही, पण पसरणीचा घाट चढायला लागलो की अर्ध्यात मिसिंग मारायला लागते, सायलेन्सरमधून फट फट करते आणि मग बंदच. कितीही किका मारा, नाही म्हणजे नाही. वीस-पंचवीस मिनिटं झाडाखाली थांबलो की एका किकला चालू, परत दोन-तीन किलोमीटरवर तेच.

आत्तापर्यंत दोन कंडेन्सर (पॉइंट जळू नयेत म्हणून लावतात तो), एक पॉइंट सेट (उघडमीट होऊन प्लगला ठिणगी पाडतो तो), नवीन प्लग, कार्बोरेटर दोनदा साफ. आता मिस्त्री म्हणतोय इंजिन खोलावं लागेल. वडील ही गाडी कुणाला हात लावू देत नव्हते, इंजिन खोलायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. खोलायच्या आधी अजून काय बघू?

कोल्हापुरी_किक
भावा इंजिन अजिबात खोलू नको. आधी एवढंच ठरव की बंद पडते ती पेट्रोलने का करंटने, म्हणजे प्लगच्या ठिणगीने. बंद पडली की लगेच, गार व्हायच्या आत, दोन गोष्टी कर. टाकीचं झाकण उघड, उघडताना स्सस करून हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचं भोक बुजलंय, पेट्रोल खाली उतरत नाहीये. ते नसेल तर प्लग काढ, कॅप लावून हेडच्या फिनला टेकव आणि किक मार. करंट निळा, टक् टक् वाजणारा पाहिजे. पिवळा, बारीक, कधी आहे कधी नाही असा असला तर इग्निशनच. प्लग ओला असेल तर तेही सांग. आणि एक स्वच्छ प्लग खिशात ठेव, गरम इंजिनवर काढलेला प्लग हातात धरवत नाही.

टॅपेट (व्हॉल्व्हची फट) फार टाइट असले तरी गरम झाल्यावर असंच होतं, पण तेव्हा किकला कॉम्प्रेशन मऊ लागतं. ते लागतंय का?

वाईकर_३५०
दादा आज मुद्दाम घाटात नेली. झाकण उघडलं, आवाज वगैरे काही नाही. कॉम्प्रेशन व्यवस्थित आहे, किकवर उभं राहावं लागतं. प्लग ओला, पेट्रोलचा वास. नवा प्लग लावून बघितला तर करंट एकदम बारीक, पिवळट, चार किकांत एकदा. घरी आल्यावर उजव्या बाजूचं पॉइंटचं झाकण काढलं तर नवीन टाकलेले पॉइंट दीड महिन्यात काळे, एकावर खड्डा आणि दुसऱ्यावर टेकाड. म्हणजे परत कंडेन्सरच का? तिसरा टाकू? अजून एक, बॅटरी दर आठवड्याला उतरते आणि चावी ऑन केली की हेडलाइटवरच्या अँपिअरचा काटा डावीकडे पार ६-७ पर्यंत जातो. वायरिंगवाला म्हणाला १२ व्होल्टला तसंच असतं.

अँपिअर_काका
थांबा, कंडेन्सर विकत घेऊ नका. तुम्ही शेवटी सहज लिहिलंय तिथेच सगळं आहे.

लाइट बंद ठेवा, चावी ऑन, आणि डीकॉम्प्रेसर (कॉम्प्रेशन सोडायचा खटका) धरून हाताने किक सावकाश दाबा. पॉइंट मिटले की काटा डावीकडे जाईल, उघडले की शून्यावर येईल. आता पॉइंट मिटलेले असताना बॅटरीतून जी लाइन (वीज) जाते ती फक्त कॉइलमधून जाते, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या डब्यातून. १२ व्होल्टची पॉइंटवाली कॉइल ३ ते ४ अँपिअर खाते, कारण तिच्या प्रायमरीचा (बॅटरीकडच्या वेटोळ्याचा) रेझिस्टन्स साधारण साडेतीन ओहम असतो. तुमची ६-७ खातेय, म्हणजे दोन ओहमच्या आत आहे, आणि तेवढा रेझिस्टन्स ६ व्होल्टच्या कॉइलचा असतो. माझा अंदाज असा की वायरिंग, बॅटरी, रेक्टिफायर, बल्ब सगळं बदललं आणि कॉइल जुनीच राहिली.

दुप्पट लाइन गेली की कॉइलची उष्णता चौपट होते, गावात दोन किलोमीटरला ती तापायच्या आत तुम्ही घरी पोचता, घाटात वारा कमी, इंजिन तापलेलं, कॉइल आतून फुटायला लागते आणि करंट मरतो. गार झाली की परत जिवंत. तीच जादा लाइन पॉइंटमधून जाते म्हणून पॉइंट जळतात आणि सगळे कंडेन्सरला धरतात. बॅटरीही त्यानेच उतरते.

खात्रीसाठी, गाडी बंद पडली की कॉइलला हात लावून बघा, जपून, चटका बसेल. मग दोन्ही बारीक वायरी काढून त्या दोन टोकांत मीटर लावा, आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून जे दिसेल ते वजा करा, नाहीतर एवढ्या कमी ओहमला आकडा फसवतो.

वाईकर_३५०
काका!! मीटर २.१ दाखवतो, पिना टेकवून ०.३, म्हणजे १.८. कॉइल पुसली तर खाली ६ V कोरलेलं आहे, इतके दिवस काळ्या थराखाली दिसतच नव्हतं. उद्याच १२ ची आणतो. वडिलांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "मी म्हणत होतो ना, इंजिनाला काही झालेलं नाही."

अँपिअर_काका
छान. आणताना दुकानदाराला पॉइंटवाली म्हणून ठणकावून सांगा आणि मीटर सोबत न्या, सीडीआयची (बिनपॉइंटच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनची) कॉइल दिसायला तशीच असते आणि तिचा ओहम एकापेक्षाही कमी असतो. जळलेले पॉइंट घासून वापरू नका, खड्डा पडल्यावर फिलर गेज खोटं माप देतं. नवीन टाका, गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, मग ठिणगीचं टायमिंग परत लावा, गॅप बदलला की टायमिंग हलतंच. पूर्ण रिटार्डला (टायमिंग सगळ्यात मागे असताना) पिस्टन टॉपला पोचायच्या ०.८ मिमी आधी. किक उलटी मारायला लागली तर टायमिंग पुढे गेलंय, पाय सांभाळा.

वाईकर_३५०
झालं. नवी कॉइल ३.६ ओहम, काटा आता ३ च्या थोडा पुढे थांबतो. रविवारी वाई ते महाबळेश्वर गेलो, पाचगणीला चहाला थांबलो तेव्हा मुद्दाम गरम असतानाच बंद केली आणि एका किकला चालू. येताना एकदाही मिस नाही. कंडेन्सर दुसरा टाकलेला तोच आहे. दोघांचेही मनापासून आभार.

कोल्हापुरी_किक
एक नंबर! ४००-५०० किमीला पॉइंटचं झाकण उघडून गॅप परत बघ, नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला झिजते. कॅमवर ग्रीस अगदी पुसट लाव, जास्त झालं तर उडून पॉइंटवर बसतं. आणि गाडी बंद असताना चावी ऑन राहू देऊ नको, पॉइंट मिटलेले असले तर नवी कॉइलपण तापत बसेल.