कांदेनवमी, चार ओटीजी आणि चाळीस माणसं

ए-१०४ : सोसायटीतल्या मंडळी, शुक्रवारी कांदेनवमी, म्हणजे चातुर्मासाआधी कांदा खाऊन घ्यायचा दिवस. संध्याकाळी ७ वाजता क्लबहाऊसला जमायचं आहे, साधारण ४० जण. क्लबहाऊसमध्ये तळणाला परवानगी नाही (नियम लिफ्टशेजारी लावलेला आहे, वाचत कोणी नाही). म्हणून ओव्हनमध्ये भाजलेल्या कुरकुरीत कांदा रिंग आणि सोबत डिप असा प्रस्ताव आहे. ज्यांना खरंच करता येतं त्यांनीच लिहावं. फॉरवर्ड नकोत.

ए-६०२ : ओव्हनमधली भजी म्हणजे गरम कांदा. भजी खायची तर सिंहगडावर जा.

बी-३०१ : आजोबा, ही भजी नाहीतच, त्यामुळे तुलना सोडा. भज्यात पीठ तेलात फुलतं आणि कडेनं लगेच कडक होतं. ओव्हनमध्ये गरम हवा ते काम फार हळू करते, तोवर कांदा पाणी सोडून मोकळा होतो. कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं. म्हणून बेसनात बुडवून ट्रेवर ठेवलेला कांदा कधीच कुरकुरीत होत नाही, वरचं पीठ भाकरीसारखं वाळतं आणि आत लगदा. वरचा चुरा आधीच तेलावर परतून सोनेरी केलेला पाहिजे. ओव्हननं फक्त कांदा शिजवायचा आणि बाहेरचा ओलावा उडवायचा.

डी-२०३ : काकू, प्रमाण द्या ना. आणि कांदा कुठला?

बी-३०१ : सध्या मंडईत साठवणीचा उन्हाळी कांदा आहे, तोच घ्या. गरवा म्हणून मागा. साल कोरडी, मान बारीक आणि घट्ट, दाबला तर दबत नाही असा. दिवाळीच्या आगेमागे येतो तो हळवा लाल कांदा या कामाला वाईट, पाणी जास्त. आकार मोठा, एक साधारण २०० ग्रॅमचा. मोड आलेला नको, मधली हिरवी दांडी रिंगमधून निसटते.

२ कांद्यांचं प्रमाण, मोठ्या ३० रिंग होतात :
– मैदा ४० ग्रॅम + तांदळाचं पीठ २० ग्रॅम, कोरडं घोळवायला
– घोळासाठी मैदा ६० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर २ मोठे चमचे, मीठ अर्धा छोटा चमचा, फ्रिजमधलं गार पाणी १०० मिली, लागलं तर चमचाभर अजून
– पावाचा कोरडा चुरा १५० ग्रॅम, तेल ३ मोठे चमचे, काश्मिरी तिखट १ छोटा चमचा, चिमूट हळद, चवीपुरतं मीठ

घोळ इडलीच्या पिठाहून पातळ, घावनाच्या पिठाहून दाट. चमच्याच्या पाठीवर बोटानं रेघ ओढली तर ती मिटता कामा नये.

कांदा आडवा, बरोबर १ सेंटीमीटर जाड कापायचा. त्याहून पातळ कापलात तर भाजून दोरी होते, जाड राहिला तर कच्चा वास येतो. चकत्या सुट्या करून बर्फाच्या पाण्यात २० मिनिटं. उग्रपणा कमी होतो.

सी-५०२ : आणि पाण्यातून काढल्यावर कोरडं करणं! घाईत तेच राहून जातं. चाळणीत निथळून झालं म्हणजे कोरडं झालं नाही. सुती पंचावर पसरून, वरून दुसऱ्या पंचानं टिपायचं.

बी-३०१ : अगदी. अजून एक, कांद्याच्या प्रत्येक पाकळीच्या आतल्या बाजूला पारदर्शक पापुद्रा असतो. तो नखानं उचलून ओढून काढायचा. वेळखाऊ काम आहे, ३० रिंगना पंधरा मिनिटं जातात, पण तो राहिला की त्यावर पीठ धरत नाही. खाताना एका घासात अख्खा कांदा बाहेर आणि हातात रिकामं कवच, ते याच पापुद्र्यामुळे. सगळ्या रिंगचा निघणार नाही, जेवढा सहज निघेल तेवढा काढा.

कांद्यावर थेट मीठ घालू नका. मीठ पाणी ओढतं. मीठ घोळात आणि चुऱ्यात.

डी-२०३ : चुरा म्हणजे बेकरीतले टोस्ट कुटले तर?

बी-३०१ : टोस्ट गोड असतो. साखर लवकर करपते, कांदा शिजायच्या आत रंग काळा. दोन दिवसांचा शिळा पाव किसा, १२० अंशांवर ट्रेमध्ये २० मिनिटं कोरडा करा, गार झाल्यावर हातानं चुरडा. मिक्सरला लावलात तर पिठी होते आणि कुरकुरीतपणा जातो. तयार पॅन्को (जपानी पद्धतीचा जाडसर पावाचा चुरा) मिळाले तर उत्तमच. मग कढईत तेल घालून मध्यम आचेवर ६–७ मिनिटं, सतत हलवत, फिकट सोनेरी. गडद नको, ओव्हनमध्ये अजून रंग चढणार आहे. तिखट आणि हळद गॅस बंद करून घाला. आणि हे आषाढातले दिवस आहेत, परतलेला चुरा उघडा ठेवलात तर तासाभरात सादळतो. गार झाला की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात.

ए-१०४ : अंडं?

बी-३०१ : अंड्यानं चुरा जास्त चांगला धरतो हे खरं. पण सोसायटीचा कार्यक्रम आहे, बिनअंड्याचंच करा. कॉर्नफ्लोअर त्यासाठीच आहे.

सी-५०२ : आता ओव्हनकडे येतो. २२० अंश, वरखाली दोन्ही रॉड, जाळी मधल्या खणात. ट्रे आत ठेवूनच किमान १५ मिनिटं प्रीहीट. ओटीजीचा, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनचा, दिवा विझला म्हणजे तापला असं नाही, भिंती तापायला वेळ लागतो. गरम ट्रेवर तेलाचा हात फिरवून रिंग ठेवल्या की खालची बाजू लगेच धरते. गार ट्रेवर ठेवल्या तर खाली ओलं राहतं आणि उलटताना कवच ट्रेलाच चिकटून बसतं.

एका बाजूनं ९–१० मिनिटं, चिमट्यानं उलटून ६–७ मिनिटं. दोन रिंगमध्ये बोटभर अंतर. मोठ्या रिंगच्या पोटात लहान रिंग ठेवून जागा वाचवायचा मोह होतो, ठेवू नका, आतली वाफेवर शिजते. पंखावाला ओव्हन असेल तर २०० पुरे. १८० वर निवांत भाजू म्हणाल तर कांद्याला घाम फुटतो आणि चुरा गळून पडतो.

डी-२०३ : आमच्याकडे फक्त मायक्रोवेव्ह आहे.

सी-५०२ : कन्व्हेक्शन मोड असेल तर चालेल, २०० ला, वेळ ३–४ मिनिटं जास्त. साधा मायक्रोवेव्ह मोड लावलात तर आधी आतलं पाणी उकळेल आणि सगळं मऊ होईल. एअर फ्रायरवाल्यांनी १९० ला १०–१२ मिनिटं, एकच थर.

ई-२०२ : कमळासारखा अख्खा कांदा कापून करतात, अमेरिकन हॉटेलांत असतो तसा, तो करू या का? दिसायला भारी.

बी-३०१ : दिसायला भारी, ओव्हनमध्ये त्रासाचा. मुळाकडचा भाग अखंड ठेवून १२ पाकळ्या पाडायच्या, बर्फाच्या पाण्यात तासभर ठेवून उमलवायचा, मग पालथा निथळायचा. तरी बुडाशी पाकळ्या चिकटलेल्या राहतात, तिथे ना पीठ पोचतं ना हवा. टोकं करपतात, मधला गड्डा कच्चा. घरी दोघांसाठी हौसेनं करा, ४० जणांना नको.

ए-१०४ : बरं, डिप? बाटलीतलं मेयॉनीज ओतून मोकळं व्हायचं नाहीये.

ई-२०२ : डिप माझ्याकडे. १ किलो दही रात्रभर पंचात टांगलं की साधारण ४०० ग्रॅम चक्का निघतो, दही घट्ट असेल तर जास्त. श्रीखंडासाठीचा तयार बिनसाखरेचा चक्का डेअरीत मिळतो, तोही चालेल, फक्त आंबट नाही ना हे चाखून घ्या. त्यात बिनअंड्याचं मेयॉनीज ४ मोठे चमचे, टोमॅटो केचप २ चमचे, काश्मिरी तिखट १ छोटा चमचा, फेसलेली मोहरी अर्धा छोटा चमचा, किसलेला लसूण एकच पाकळी. कच्चा लसूण ठेवल्यावर वाढत जातो, दुपारी बेताचा वाटला तरी रात्री झणझणतो. मीठ वाढायच्या वेळीच. आधी घातलं तर कडेनं पाणी सुटतं. चाळीस जणांना याच्या दुप्पट.

बी-३०१ : यातला निम्मा चक्का केचप घालायच्या आधीच बाजूला काढून त्यात हिरव्या मिरचीचा ठेचा दोन चमचे घाला. केचपवाल्यात नाही, केचपशिवायच्या चक्क्यात.

बी-५०४ : आम्ही कांदा-लसूण खात नाही. आमच्याकरता काही?

बी-३०१ : ताई, कच्ची केळी. अर्धा सेंटीमीटर जाड चकत्या, मिठाच्या पाण्यात ५ मिनिटं म्हणजे काळी पडत नाहीत, मग हेच सगळं. पावाचा चुरा चालत नसेल तर जाडसर कुटलेले पातळ पोहे. पण ते तुमच्याच घरी, तुमच्याच ट्रेमध्ये भाजा, आणि डिप लसूण घालायच्या आधी वेगळं काढू. कांद्याच्या ओव्हनमधून काढून “चालेल ना?” विचारणं बरं नाही.

सी-५०२ : हिशेब. ४० जण, माणशी ४ म्हणजे १६० रिंग. अडीच किलो कांदा, चुरा ८०० ग्रॅम. ३० लिटरच्या ओटीजीत एका वेळी १४–१५ बसतात, एका घाण्याला उलटापालट धरून २० मिनिटं. एका ओव्हनवर साडेतीन तास जातील. चार ओव्हन लागतील, प्रत्येकी तीन घाणे, तासाभरात काम संपतं.

आणि क्लबहाऊसमध्ये साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर ओटीजी लावू नका. १५०० वॅटचा ओव्हन साडेसहा अँपिअर ओढतो. तिथे १६ अँपिअरची दोनच सॉकेट आहेत, एकेक ओव्हन तिथे. बाकी दोन आपापल्या घरी.

डी-२०३ : घरून आणताना डब्यात भरल्या तर?

बी-३०१ : डबा अजिबात नको! झाकण लावलं की पाच मिनिटांत वाफ धरून मऊ. जाळीवर एकेरी पसरून, उघड्याच आणा. क्लबहाऊसच्या ओव्हनमध्ये २०० ला ४ मिनिटं परत गरम केल्या की पूर्ववत. चुरा लावलेल्या कच्च्या रिंग आधी करून ठेवायच्या तर फ्रिजमध्ये तासभर, फार तर दोन. त्यापुढे खालून ओलावा येतो.

चुरा लावताना एक हात ओल्याचा, एक कोरड्याचा. चुरा दोन ताटांत वाटून घ्या, पहिल्यात गोळे व्हायला लागले की दुसरं ताट.

ए-६०२ : आतल्या छोट्या रिंगांचं काय करणार? त्या तर उरतील.

बी-३०१ : अर्धा किलो तरी उरतील, आजोबा. बेसन, ओवा, तिखट, मीठ, पाण्याचा थेंब नाही. तुमच्या घरी, तुमच्या गॅसवर.

ए-६०२ : मग माझी हरकत मागे.

ए-१०४ : ठरलं. ओव्हन : बी-३०१, सी-५०२, ई-२०२, ए-१०४. पापुद्रे काढायला ५ वाजता डी विंगमधली तरुण मंडळी. ट्रेवर फ्लॅट नंबर मार्करनं लिहा, मागच्या वेळचे दोन ट्रे अजून ऑफिसात पडून आहेत. सेलोटेप लावू नका, ओव्हनमध्ये वितळते.