‘पेन’ आणि ‘पॅन’ यांतील फरक मुलांना कसा ऐकवावा?

प्रश्न: बालवर्गाला इंग्रजीतील ऱ्हस्व स्वर शिकवताना ‘कप’ आणि ‘पॉट’ सहज जमतात, परंतु ‘पेन’ व ‘पॅन’ मुलांना एकसारखेच ऐकू येतात. काय करावे?

उत्तर १: हे दोन स्वर लागोपाठ घेऊ नयेत, कारण दोन्हींत जीभ पुढेच असते आणि फरक मुख्यतः जबडा किती उघडतो एवढाच उरतो. मी ‘ॲ’ प्रथम आणि ‘ए’ सर्वांत शेवटी घेते.

उत्तर २: क्रम मान्य आहे, मात्र अक्षर दाखवण्यापूर्वी हनुवटीखाली तळहात धरून ‘पिन, पेन, पॅन’ म्हणवून घ्यावे, म्हणजे हनुवटी टप्प्याटप्प्याने खाली जाते हे मुलांना स्वतःलाच जाणवते (हसू आवरत नाही, हा भाग वेगळा).

प्रश्नकर्ती: आभार. मी ‘ए’ लांबवून म्हणत होते, हेही आता लक्षात आले.