तटस्थ मतदानावर प्रबंध: विषय आवाक्यात कसा आणू?

प्रश्न: आंतरराष्ट्रीय संबंधांत एमएचा स्वतंत्र प्रबंध आहे, हातात सहा महिने. विषय घेतलाय 'युक्रेन युद्धात देश तटस्थ का राहिले?' गाइड म्हणतात, हा विषय झाला, संशोधन प्रश्न नाही. आधी सिद्धांत ठरवू का?

उत्तर १: सिद्धांत नंतर. 'का राहिले' म्हटलं की दर देशाचं वेगळं उत्तर येणार आणि प्रबंधाची जंत्री होणार. त्यापेक्षा मत कुठे बदललं ते धरा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत, रशियाने युक्रेनमधून सैन्य मागे घ्यावं या 2 मार्च 2022 च्या ठरावावर 141 बाजूने, 5 विरोधात, 35 तटस्थ. 7 एप्रिलला रशियाला मानवी हक्क परिषदेतून निलंबित करताना 93, 24, 58. चीन आणि अल्जीरिया आधी तटस्थ, मग थेट विरोधात. पाच आठवड्यांत असं काय झालं? हा प्रश्न सहा महिन्यांत सुटू शकतो.

आता दोन स्पष्टीकरणं समोरासमोर ठेवा: रशियाशी हितसंबंध, की निलंबनाचा पायंडा पडण्याची भीती. पायंड्याचं खरं असेल, तर 1 मार्च 2011 ला याच परिषदेतून लिबियाचं निलंबन मतदानाशिवाय, सर्वसंमतीने कसं झालं? या प्रकरणाला टाळून पुढे जाऊ नका, परीक्षक तिथेच बोट ठेवतील.

उत्तर २: वरच्या आकड्यांत एक खाच आहे. सदस्य 193, आणि 141, 5, 35 मिळून 181. उरलेल्या 12 देशांनी मतच दिलं नाही. त्यांना तटस्थांत घालू नका, एक्सेलमध्ये वेगळा कोड द्या. सनदेच्या कलम 19 नुसार दोन वर्षांच्या वर्गणीइतकी थकबाकी झाली की मताधिकार जातो. व्हेनेझुएलाचं तेव्हा तेच झालं होतं. तिथे राजकीय अर्थ काढलात तर सगळं विश्लेषण डळमळेल.

शिवाय निलंबनाला दोन तृतीयांश लागतात, ते हजर राहून बाजूने वा विरोधात मत देणाऱ्यांचे. तटस्थ मोजत नाहीत. म्हणजे 93 आणि 24 मिळून 117, त्यांपैकी 78 पुरेसे होते. रोखायचंच असेल तर तटस्थ राहून भागत नव्हतं, हे विरोधात गेलेल्यांचा हेतू तपासताना फार कामाचं आहे.

उत्तर ३: मतदानाआधी आणि नंतर प्रतिनिधी जे स्पष्टीकरण देतात, ते बैठकीच्या शब्दशः इतिवृत्तात मिळतं. बातम्यांतल्या सारांशावर राहू नका. मात्र भाषणातलं कारण जसंच्या तसं खरं धरू नका. 2022 आधी तोच देश एखाद्या विशिष्ट देशाविरुद्धच्या मानवी हक्क ठरावांवर कसा मत देत होता, ते शेजारच्या रकान्यात मांडा. आधीपासूनच विरोध असेल तर मत फिरलं असं म्हणताच येत नाही, फक्त ठरावाचा प्रकार बदलला.